गोंगाटातून उमटणारा आइनस्टाइन

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (म्हणजे नमुना गोठवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रतिमा घेणाऱ्या यंत्राने) मिळणारी प्रथिनांची रचना ही निरीक्षण नसून संगणकाची निर्मिती असते, लाखो अस्पष्ट प्रतिमांची सरासरी काढली की हवे ते चित्र काढता येते, आणि गोठवलेले प्रथिन मुळात खरे राहतच नाही, असे आपले म्हणणे आहे.

यातील सरासरीचा आक्षेप या क्षेत्रातील लोकांनी आपल्यापेक्षा कठोरपणे मांडलेला आहे. निव्वळ गोंगाटाच्या, म्हणजे कोणतीही आकृती नसलेल्या यादृच्छिक ठिपक्यांच्या, हजार प्रतिमा घेऊन त्यांतली प्रत्येक आइनस्टाइनच्या छायाचित्राशी जास्तीत जास्त जुळेल अशी सरकवली आणि मग सरासरी काढली, तर एकाही प्रतिमेत नसलेला आइनस्टाइनचा चेहरा तीत उमटतो. २०१३ मध्ये रिचर्ड हेंडरसन यांनी हाच दाखला देऊन एचआयव्हीच्या आवरणातील प्रथिनाच्या एका प्रकाशित रचनेवर जाहीर शंका घेतली. हेच हेंडरसन २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी असल्याने हा घरचा आहेरच होता.

गोंगाट टाळताही येत नाही, कारण प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून इलेक्ट्रॉनांचा मारा वाढवला की प्रथिन जळते. म्हणून जुळवणीसाठी घेतलेला सुरुवातीचा नमुना मुद्दाम ढोबळ ठेवतात, प्रतिमांचे दोन गट करून दोन्हींची रचना स्वतंत्रपणे उभारतात आणि दोन्हींत समान निघेल तेवढाच तपशील ग्राह्य धरतात. तीन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) आसपासचा तपशील दाखवणाऱ्या रचनेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची जाडजूड पार्श्वशाखा अमिनो आम्लांच्या क्रमानुसार जिथे हवी नेमकी तिथे दिसते. हा क्रम सरासरी काढताना संगणकाला दिलेलाच नसतो. हवे ते चित्र काढता येते, हे आपले विधान मला इथे टिकताना दिसत नाही.

गोठवण्याचे म्हणाल, तर तीन मिलिमीटर व्यासाच्या ग्रिडवर (बारीक जाळीच्या चकतीवर) प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब ठेवून, जास्तीचे पाणी टिपकागदाने शोषून, ती द्रव इथेनमध्ये बुडवली जाते. (थेट द्रव नायट्रोजन चालत नाही, तो ग्रिडभोवती उकळून वायूचा थर तयार करतो आणि थंड होण्याचा वेग मंदावतो.) पाण्याला स्फटिक होण्याची उसंतच न मिळाल्याने बर्फ काचेसारखा घट्ट होतो आणि प्रथिन पाण्यात होते तसे, ओल्या अवस्थेतच अडकते. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्विस शास्त्रज्ञ झाक दुबोशे यांच्या गटाने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हे साधले.

खरी अडचण त्याआधीच्या क्षणाची आहे. टिपकागद लावल्यानंतर उरलेल्या अतिशय पातळ थरात प्रथिने हवेला लागून असलेल्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, आणि काही तिथेच उलगडून विस्कटतात. डिटर्जंट किंवा ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्याचा) आधार वापरून हे कमी करता येते, पण प्रत्येक प्रथिनासाठी उपाय नव्याने शोधावा लागतो. आपला आक्षेप या टप्प्यावर असता, तर मी त्याचे खंडन केले नसते.