कर शून्य, लेट फी पाच हजार

महिना ६० हजार पगार असलेला कुणीही घ्या. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार. स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारदारांना मिळणाऱ्या सरसकट वजावटीचे ७५ हजार वजा केले की उरले ६ लाख ४५ हजार. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात सूट आहे, त्यामुळे याचा कर शून्य. सरकारचं याच्याकडे एक रुपयाचं येणं नाही. पण ३१ जुलैची मुदत चुकली आणि आयकर रिटर्न ऑगस्टात भरलं, तर पोर्टल आधी पाच हजार मागणार. वर्षाला पन्नास लाख कमावणाऱ्याने तेवढाच उशीर केला तर? त्यालाही लेट फी पाचच हजार.

हा प्रताप आयकर कायद्याच्या कलम २३४एफ चा. २०१७ च्या अर्थसंकल्पात हे कलम आलं, तेव्हाच पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना फक्त हजार रुपये अशी सवलत ठेवली होती. तेव्हा ते ठीकच होतं, अडीच लाखांच्या वर गेलं की कर सुरू व्हायचा. आज नव्या प्रणालीत चार लाखांच्या आतल्या बहुतेकांना रिटर्न भरायची सक्तीच नाही. म्हणजे हजाराची सवलत उरली कुणाला? चार ते पाच लाखांच्या मधल्या मूठभरांना. रिबेटची मर्यादा साडेतीन लाखांवरून बारा लाखांवर गेली, ही सवलतीची मर्यादा मात्र पाच लाखांवरच ठाण मांडून बसली आहे. नवा आयकर कायदा आला, त्यातही आकडे तेच.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त काकांचं गेल्या वर्षी हेच झालं. टीडीएस कापू नका असं बँकेला कळवणारा १५एच फॉर्म द्यायचा राहिला, बँकेने एफडीच्या व्याजावर १२ हजार टीडीएस कापला. पेन्शन धरूनही कर शून्यच, त्यामुळे सगळे पैसे परत मिळायचे. काकूंच्या दवाखान्याच्या गडबडीत तारीख टळली आणि हातात आले सात हजार. "अरे, माझेच पैसे परत मागायचे तर त्यालाही पाच हजार?" काकांच्या या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. कर थकवला तर कलम २३४ए खाली महिन्याला एक टक्का व्याज लागतं, महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात. लागू दे, थकबाकीदाराला चटका बसलाच पाहिजे. पण खात्याकडे आपला रिफंड अडकला की दर निम्मा, महिन्याला अर्धा टक्का. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेवढंही नाही. आणि २०२५ मध्ये फॉर्म खात्याकडूनच उशिरा आले, तेव्हा मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढला. आपल्याला वेळ मिळाला, चांगलंच झालं. पण उशिराची फी फक्त एकाच बाजूने का?

माझं मागणं साधं आहे. लेट फी बाकी कराच्या प्रमाणात लावा आणि कर शून्य असेल तिथे हजारावर थांबा. रिटर्न आलं नाही तर खात्याला काही कळत नाही, हेही आता खरं नाही. एफडीचं व्याज, शेअरची विक्री, म्युच्युअल फंड, सगळं एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, आधीच येऊन बसलेलं असतं.

हे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर, रिटर्न अपलोड केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात, आणि जुलैत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं. पगारदारांना उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही. घरभाडं, पीपीएफ, एलआयसी, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, सगळ्या वजावटींवर पाणी. तिथे पाच हजार किरकोळ वाटतील. शेअरमधला तोटाही पुढे ओढता येत नाही.

आणि रिफंड असेल तर उशिराच्या रिटर्नची ३१ डिसेंबरची मुदत अजिबात चुकवू नका. त्यानंतरचं अपडेटेड रिटर्न जादा कर भरण्यासाठी असतं, रिफंड मागायला चालत नाही. मग विलंब माफ करा म्हणून अर्ज करत बसायचं. त्यावर शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं खात्याचंच परिपत्रक सांगतं. ते सहा महिने उलटले तर खात्याला मात्र लेट फी नाही.