न विकलेल्या मालावर कर कशाचा?

नमस्कार,

पूरग्रस्त दुकानदारांच्या करसवलतीवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: 'पूररेषेत दुकानं थाटायची, विमा काढायचा नाही आणि मग आमच्या करातून माफी मागायची. माझी गाडी पार्किंगमध्ये बुडाली तेव्हा मला कुणी सूट दिली?' गाडीचा मुद्दा अगदी रास्त आहे, त्याकडे येतोच. पण 'आमच्या करातून' हे मला मान्य नाही.

आयकराचं थोडक्यात सांगतो. विक्रीचा माल पुरात गेला तर तो धंद्यातला तोटा धरतात आणि विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर 8 वर्षं पुढे ओढता येतो. (उलाढालीवर 6 किंवा 8 टक्के नफा गृहीत धरायच्या योजनेतल्या छोट्या दुकानदाराला मात्र त्या योजनेत राहून तोटा दाखवताच येत नाही.)

खरी गोम जीएसटीत आहे. कायद्याचं कलम 17(5)(एच) सांगतं की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करायची सोय) मिळणार नाही. समजा, पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात 5 लाखांचा माल होता. त्यावर 18 टक्क्यांनी 90 हजार जीएसटी दुकानदाराने खरेदी करतानाच मोजला आणि त्याचं क्रेडिट घेतलं. 25 जुलै 2024 ला पाणी शिरलं, माल गेला. आता ते 90 हजारांचं क्रेडिट रिव्हर्स करायचं, म्हणजे सरकारला परत करायचं. वापरून झालं असेल तर रोख भरायचं. हा कर शेवटी ग्राहकाने सोसायचा असतो, आणि इथे माल विकलाच गेलेला नाही, मग ग्राहक आणायचा कुठून? 5 लाख गेले ते गेलेच, वर हे 90 हजार. हे सोडून द्या म्हणण्यात तुमच्या खिशातला एक रुपयाही कुणी मागत नाही.

विमा काढावाच, मीही प्रत्येकाला तेच सांगतो. पण मालाची विमा रक्कम जीएसटी वगळून धरली असेल तर रिव्हर्स केलेलं क्रेडिट दाव्यात बसत नाही. आणि दावा चालतो कागदावर. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी खरेदीची बिलं दोरीवर चिमटे लावून वाळवली होती. थर्मल कागदावरची अक्षरं पार उडालेली, बाकीची पानं चिखलाने एकमेकांना चिकटलेली. पंचनाम्यात 'दुकानातील माल भिजून नुकसान' एवढीच ओळ. किती माल, कोणता, कितीचा, काहीच नाही. अशा कागदांवर विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी भांडायचं कसं?

पूररेषेचं म्हणाल तर निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या आत बेकायदा बांधणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्याच आंबिल ओढ्याने ज्यांचे संसार नेले, ते काही मुठा नदीकाठी राहत नव्हते. आणि 2024 ला खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं, ते दुकानदाराला विचारून नव्हे. पैसेवारी (रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत आली की शेतकऱ्याला जमीन महसुलात सूट मिळते, कारण जे पिकलंच नाही त्यावर सारा घेऊ नये, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य आहे. मग दुकानदारालाच तो न्याय का नको?

आता तुमची गाडी. पगारदाराची गाडी, फ्रिज, फर्निचर पुरात गेलं तर आपल्या आयकरात त्याला वजावट नाही, आणि हा अन्यायच आहे. अमेरिकेत तिथल्या केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत घरगुती नुकसानही काही मर्यादेत वजा होतं. शिवाय ते आदल्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवून परतावा लवकर मिळवता येतो. इथेही तशी तरतूद व्हायला हवी.

तुमची आणि दुकानदाराची मागणी एकमेकींच्या आड येत नाही. त्याच्यासाठी जीएसटी परिषदेची शिफारस आणि केंद्र-राज्य दोन्ही कायद्यांत दुरुस्ती लागेल, तुमच्यासाठी आयकर कायद्यात. गाडीच्या दुरुस्तीची बिलं जपून ठेवली असतील तर मला पाठवा. अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय सूचना मागवतं, तेव्हा दोन्ही उदाहरणं एकाच निवेदनात घालतो.