चार भोकं

बैठकीच्या खोलीतली आमची जुनी लाकडी खिडकी शेवटची नीट कधी बंद झाली होती, हे घरात कोणालाच आठवत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगायचं म्हणून ती लागायची नाही, उन्हाळ्यात आकसायचं म्हणून लावलेली राहायची नाही. रात्री वारा सुटला की तिची कडी अशी वाजायची, की नवखे पाहुणे दार उघडायला उठायचे. शेवटी तावदानाभोवतीची लांबी, म्हणजे काच धरणारी पुट्टी, वाळून तिचे खपले पडायला लागले, तेव्हा मी जाहीर केलं, ‘खिडकी बदलू या.’

मिस्त्री आला. टेप लावली. ‘सहा बाय चार,’ असं पुटपुटून त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, ‘कुठली बसवायची?’

‘कुठली म्हणजे? खिडकी.’

औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं ‘औषध द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो एका दमात बोलला, ‘स्लायडिंग, ओपनेबल, टॉप हंग, लूव्हर, फिक्स. लाकडात, अॅल्युमिनियममध्ये का यूपीव्हीसीत? काच सिंगल का डबल? ठरवून ठेवा, उद्या येतो.’

त्या रात्री घरात जी सभा भरली, ती बारा वाजता तहकूब झाली. मला वारा हवा होता. बायकोला समोरचं झाड अख्खं दिसायला हवं होतं, मध्ये दांडी नको. आईला डास नको होते. मुलाला आवाज नको होता, त्याचा अभ्यास होता (आवाज आमचाच होता, ते सोडा).

तसा हा वाद जुनाच. इंग्रजीतला ‘विंडो’ आला जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘विंडाउगा’वरून, अर्थ, वाऱ्याचा डोळा. वारा आणि बघणं, दोन्ही मागण्या एका शब्दात कोंबून ती मंडळी मोकळी झाली. आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, फक्त तो बैलाचा. ‘यात बैलाचा काय संबंध?’ मी सभेत विचारलं. बायको नुसती हसली. ते हसणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने एकेक खिडकी समजावली, आणि प्रत्येक खिडकी कुणा ना कुणाच्या मुळावर आली. सरकती खिडकी जागा अडवत नाही, पण तिचं गणित मला खुपलं. चोवीस चौरस फुटांची खिडकी, उघडणार बारा. एक काच दुसरीच्या मागे लपते एवढंच. तीन ट्रॅक घेऊन जाळीचं पान लावलं, तर त्या बारा फुटांतही वारा गाळून मिळणार. बिजागऱ्यांची दारासारखी खिडकी पूर्ण उघडते. मला ती पसंत. पण आमच्या चौकटीला बाहेरून गज. म्हणजे झडपा आत उघडणार, आणि आत बरोब्बर झडपेच्या कोपऱ्याच्या उंचीवर माझं कपाळ.

वरच्या कडेला टांगलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी पावसातही उघडी ठेवता येते, पाणी तिच्या पाठीवरून ओघळून जातं. तिथेही गज आडवे आले. काचपट्ट्यांच्या लूव्हरने वारा भरपूर येतो. ती बंद केल्यावरही येतो. शिवाय झाडाचे आडवे काप दिसणार, म्हणून बायकोने नकाराधिकार वापरला. राहता राहिली फिक्स, म्हणजे न उघडणारी. डास नाहीत, आवाज कमी, झाड अख्खं! तीन मतं पडलीसुद्धा. ‘मग भिंतीवर झाडाचा फोटोच लावू,’ असं मी म्हटल्यावर ती कशीबशी बारगळली.

टिल्ट अँड टर्नचं नाव मीच काढू दिलं नाही. मूठ खाली, बंद. मूठ आडवी, दारासारखी उघडते. मूठ वर, वरची कड आत झुकते. एका मित्राकडे झडप उघडी असताना मी सहज मूठ वर फिरवली, आणि अख्खी झडप एका कोपऱ्यावर लटकून माझ्या अंगावर कलली. यजमान येईपर्यंत मी तिला मिठी मारून उभा होतो.

मुलाने डबल काचेचा आग्रह धरला. दोन काचांमध्ये साधारण 12 ते 16 मिलिमीटरची फट, तिच्यात कोरडी हवा किंवा आरगॉन वायू, कडा सीलबंद. सील गेलं की आत दमट हवा शिरते आणि काचांच्या मधोमध धुकं धरतं, जे ना आतून पुसता येतं ना बाहेरून. आणि आवाज अडायचा तर खिडकी बंद हवी. मग माझा वारा?

इंग्लंडमध्ये 1696 साली खिडक्यांवर कर बसला, तो 1851पर्यंत होता. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. इतिहासकार त्याला करचुकवेगिरी म्हणतात. मला वाटतं, त्यातल्या निम्म्या घरांत तरी मिस्त्री ‘कुठली?’ असं विचारून गेला असणार.

अखेर सरकतीच आली. अॅल्युमिनियमची, जाळीसकट, कोणालाच मनापासून न आवडलेली. आठवडाभर मी ती येता-जाता एका बोटाने सरकवून बघत होतो. आठव्या दिवशी मला तिच्यातला दोष सापडला. खालच्या ट्रॅकला, बाहेरच्या बाजूला, चार भोकं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, लांबट, एकसारख्या अंतरावर. एकातून मुंगी आत आली, इकडेतिकडे बघून पुन्हा बाहेर गेली. एवढे पैसे मोजून भोकं पडलेला माल! मिस्त्रीला फोन करून बोलणार होतो, पण म्हटलं, जाऊ दे, आपणच करू. सिलिकॉनची नळी आणली, टोक तिरकं कापलं, चारही भोकं भरली, ओल्या बोटाने गुळगुळीत केली आणि घरातल्यांना बोलावून काम दाखवलं.

चौथ्या रात्री पाऊस आला. काचेवरून ओघळून ट्रॅकमध्ये उतरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. पाणी आतल्या काठाला आलं, काठावरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून खालच्या दिवाणावर, आणि दिवाणावर आई. ‘जुनी खडखडायची,’ आई उठून बसत म्हणाली, ‘पण भिजवत नव्हती.’

सकाळी मिस्त्री आला. काचा बघितल्या नाहीत, रोलर बघितले नाहीत. गजांतून हात बाहेर घालून बोटाने ट्रॅक चाचपला आणि थांबला. ‘साहेब, पाणी जायची भोकं कुठायत?’

मी झाड बघत होतो. अख्खं दिसत होतं.

त्याने पेचकसाने तीन भोकं मोकळी केली. पाणी गुळगुळ आवाज करत बाहेर गेलं. चौथं मात्र बधेना, त्याला ड्रिल लावावं लागलं. ‘कुणी भरलं हो हे?’ तो कौतुकाने म्हणाला. ‘हात पक्का आहे.’

बायकोने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ‘गवाक्षातला,’ ती म्हणाली.