सूर्यनमस्कार, समर्थ रामदास आणि औंध: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आज शाळांतून आणि योगवर्गांतून शिकवला जाणारा सूर्यनमस्कार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानात घडला, या माझ्या लेखातील विधानावर आपण आक्षेप घेतला आहे. समर्थ रामदास नाशिकजवळच्या टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत, ते आपल्या जालना जिल्ह्यातील जांबचे, आणि मराठवाड्यातल्याच लेखकाने हे श्रेय साताऱ्याकडच्या एका संस्थानिकाला द्यावे, याचे आपल्याला वाईट वाटले. शिवाय सूर्यनमस्कार हे हठयोगाचे प्राचीन अंग आहे, असेही आपण लिहिले आहे.

सूर्याला नमस्कार घालण्याची प्रथा औंधपेक्षा फार जुनी आहे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. तृचाकल्प नमस्कार, म्हणजे वैदिक ऋचा म्हणत सूर्याला घालायचे नमस्कार, आपल्याकडील अनेक घरांत घातले जात. परंतु ती उपासना होती आणि तिचे फळ पुण्यप्राप्तीच्या भाषेत सांगितले जाई. समर्थांविषयीच्या आख्यायिकेचा मी मनापासून आदर करतो. बलोपासनेला त्यांनी दिलेली प्रतिष्ठा निर्विवाद आहे, मात्र त्या आख्यायिकेत नमस्कारांची संख्या आहे, शरीरस्थितींचा क्रम नाही, आणि माझे विधान त्या क्रमापुरतेच होते.

हठयोगाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरील ग्रंथात सांगितलेल्या आसनांत सूर्यनमस्कार नाही. इतकेच नव्हे, तर त्या ग्रंथावरील एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदांनी साधकाने टाळावयाच्या कायाक्लेशांची उदाहरणे देताना पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड ओझी वाहणे यांचा एकत्र उल्लेख केला आहे. म्हणजे तेव्हा नमस्कार प्रचलित होते, पण हठयोगाच्या अभ्यासकाला ते साधनेतील अडथळा वाटत होते. आपल्या आणि माझ्या वादात मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी १८९७ पासून सुमारे दहा वर्षे प्रसिद्ध युरोपीय शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. त्यानंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले. दहा स्थिती, श्वासाचे नियम आणि बीजमंत्र यांची सांगड घालून त्यांनी रोज करता येईल अशी आरोग्यपद्धती मांडली, ती संस्थानातील शाळांत सुरू केली आणि १९३८ मध्ये लंडनहून तिच्यावर इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यांनी शून्यातून काही निर्माण केले असे मी म्हणत नाही. घरातल्या पूजेचा आणि तालमीतल्या जोर काढण्याच्या व्यायामाचा वारसा त्यांच्यासमोर होताच. पण त्या वारशाला शिस्तबद्ध, शिकवता येण्याजोगे रूप देऊन घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय त्यांचे आहे, आणि ते नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडे जतन केलेली आहेत, आणि आपल्या भागातील मठांतही जुने कागद असतील. त्यांत नमस्काराच्या स्थिती क्रमाने सांगणारे, औंधच्या आधीचे एखादे पान आपल्या पाहण्यात आले असेल, तर त्याची प्रत अवश्य पाठवावी. त्या पानाच्या आधारे मी लेखातील विधान आपल्या उल्लेखासह बदलेन.