पैसे मिळाले ना त्यांना?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटं या देशातल्या बिकिनी बेटावरच्या स्कूबा डायव्हिंगची रील टाकली. निळंशार पाणी, तळाशी बुडालेल्या युद्धनौका, सगळ्यांचं 'वॉव'. मी एवढंच लिहिलं, की इथली माणसं अजून घरी परतू शकलेली नाहीत. त्यावर एका मित्राचं उत्तर: 'अमेरिकेने बक्कळ पैसे दिलेत की. किती वर्षं रडणार?' खाली चार अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय.

तर ऐका. १९४६ मध्ये अमेरिकेने तिथल्या १६७ माणसांना सांगितलं, मानवजातीच्या कल्याणासाठी बेट सोडा, तात्पुरतं. मग १९५८ पर्यंत मार्शल बेटांवर अमेरिकेचे ६७ चाचणी अणुस्फोट. १ मार्च १९५४ चा एकटा 'ब्राव्हो' हिरोशिमाच्या हजारपट. लोकांना नेऊन टाकलं किली बेटावर, जिथे होडी लावायची सोय नाही, मासेमारीला शांत पाणी नाही. पुढे 'आता सुरक्षित आहे' म्हणून काहींना परत आणलं, नवे माड लावले, आणि १९७८ मध्ये पुन्हा उठवलं. का? नारळात स्फोटांचं किरणोत्सर्गी सीझियम! तिथल्या प्रवाळी मातीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, जवळजवळ नाही, म्हणून झाड त्याच्याऐवजी त्याच्यासारखंच असलेलं सीझियम शोषून घेतं. आपण कोकणात माडाला पालाश घालतो ना, तीच भूक.

आमच्या आजीची वाडी रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. मोजणीला आलेले साहेब फळता माड, न फळता माड असं वहीत लिहीत होते. आजीने विचारलं, "नारळ कुठवर धरलेत?" त्यांना कळेना. "म्हणजे माझ्या पणतवंडांना शहाळं लागलं तर ते यात आहे का?" साहेब हसले. चेक आला. रक्कम वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू, त्यातूनच स्लॅब पडला. पण त्या गणपतीला आजीने आयुष्यात पहिल्यांदा नारळ विकत आणला आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही.

आणि आमची नुसती जमीनच गेली. तिच्यात कोणी विष कालवलं नव्हतं.

बिकिनीच्या लोकांचे माड, नीरफणस, केवड्याच्या जातीतलं त्यांचं ते फळझाड, सगळं डोळ्यांसमोर उभं आणि खायचं नाही. याचा भाव काय लावणार? तरी लावला. अमेरिकेशी झालेल्या करारातूनच नेमलेल्या न्यायाधिकरणाने २००१ मध्ये हिशेब केला: जमीन वापरता आली नाही त्याचे, माती साफ करण्याचे, हालअपेष्टांचे मिळून ५६ कोटी डॉलरच्या वर. हातात पडला त्यातला एक टक्कासुद्धा नाही, कारण निधीच मुळात १५ कोटींचा, तोही सगळ्या बेटांत मिळून. आजीचा चेक निदान वटला तरी!

'पण १९८६ च्या करारात सगळे दावे मिटले असं त्यांच्याच सरकारने लिहून दिलं होतं.' हो, दिलं होतं. किरणोत्सर्ग कुठवर पसरला याची कितीतरी कागदपत्रं तेव्हा गुप्त होती, ती नव्वदच्या दशकात बाहेर आली. सातबारा लपवून केलेल्या व्यवहाराला आपल्या गावात काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

आणि हो, २०१७ नंतर बिकिनीच्या पुनर्वसन निधीतले कोट्यवधी डॉलर त्यांच्याच पुढाऱ्यांनी उधळले, हेही माहीत आहे मला. वाईट झालं. पण आजीच्या पैशातून काकाने बुलेट घेतली म्हणून तिची वाडी फुकट गेली असं कोणी म्हटलं नाही.

मघाशी लिहायला बसले तेव्हा त्या मित्राला झोडायचं होतं. आता राग जरा ओसरलाय. त्याच्या घरचं काही कधी कोणी मोजून नेलेलं नाही, त्याला कुठून कळणार.

२००० मध्ये त्यांच्या सरकारने अमेरिकी काँग्रेसकडे अर्ज केला, मग बिकिनीचे लोक अमेरिकेतल्या कोर्टात गेले, २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाही नकार दिला. २०२४ च्या नव्या करारात ७० कोटी डॉलर आलेत, मार्शल बेटांच्या सगळ्या देशाला मिळून. बिकिनीच्या त्या निवाड्याची बाकी मात्र तशीच आहे. ती द्या, व्याजासकट. मग ते बोटी घेवोत नाहीतर बुलेट, तुम्हाला काय करायचंय?