मूळ प्रत सोबत आणावी

आमच्या घरी प्रवासाची तयारी कपड्यांपासून सुरू होत नाही, झेरॉक्सपासून होते. कपडे काय, आदल्या रात्रीही कोंबता येतात आणि एखादा सदरा राहिला म्हणून कोणी गाडीतून खाली उतरवत नाही, असं अण्णांचं म्हणणं. अण्णा म्हणजे माझे सासरे. उभी नोकरी जिल्हा परिषदेत झाली. माणूस समोर धडधाकट उभा असला तरी त्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. त्याचा कागद पाहिला की बसतो.

त्यांच्या काळात नुसत्या झेरॉक्सला अब्रूच नव्हती. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का पडला की मग ती 'सत्यप्रत' व्हायची. त्या सहीसाठी लोक तहसीलच्या व्हरांड्यात, प्राचार्यांच्या दारात, नाहीतर सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात उभे असायचे. सकाळभर म्हशी तपासलेल्या डॉक्टरांनी दुपारी आमच्या गावातल्या पोरांच्या मार्कलिस्टा खऱ्या आहेत असं लिहून द्यायचं. पुढे २०१४च्या सुमारास सरकारनेच सांगितलं की आपल्या कागदावर आपणच सही करा, स्वयंसाक्षांकन चालेल. अण्णांना ते अजून पचलेलं नाही. "आपणच आपल्याला खरं म्हणायचं? मग खोटं कोण म्हणणार?" असं ते विचारतात.

यंदा नेपाळ ठरलं. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सरहद्द, मग लुंबिनी, पोखरा, काठमांडू. मुक्तिनाथ आईंच्या गुडघ्यांनी रद्द केलं.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्टही सक्तीचा नाही, पण तो नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड हवं. आधार चालत नाही. अपवाद पंधरा वर्षांखालच्यांचा आणि पासष्टच्या वरच्यांचा. त्यांना २०१९पासून आधारवर जाता येतं. म्हणजे पोरं आणि म्हातारी माणसं यांच्यावर सरकारचा विश्वास आहे, मधल्या वयाच्यांचा भरवसा नाही. घर चालवून पाहिलेल्या कुणालाही हे रास्तच वाटेल. तर नवऱ्याचा पासपोर्ट, माझं मतदार कार्ड, आई-अण्णांचं आणि चिरंजीवांचं आधार, अशी आमची वरात निघणार होती. शिवाय अण्णांच्या मते ज्याचं जे चालत नाही तेही सोबत असावं. न चालणाऱ्या कागदाचीही झेरॉक्स असावी.

आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे आता काही झेरॉक्स काढायला नेत नाहीत. "व्हॉट्सअ‍ॅपला टाका," म्हणतो. सबंध कॉलनीची आधार, पॅन, भाडेकरार, एवढंच काय रक्ताचे रिपोर्टसुद्धा त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये गुण्यागोविंदाने नांदताहेत. आपण घरी चार-चार कुलपं लावतो आणि त्याच्या दुकानाला तर शटरही अर्धंच लागतं.

त्यातून ई-आधारच्या फायलीला पासवर्ड असतो. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. हे गुपित अख्ख्या देशाला ठाऊक आहे. मशीनच्या खडखडाटात तो ओरडला, "ताई, साल बोला!" मागे लाईनीत सोसायटीच्या सेक्रेटरी बाई, जिमचा पोरगा आणि माझ्या मुलाच्या क्लासचे सर. मी हळूच सांगितलं. "किती? मोठ्यानं बोला, लागत नाहीये!" ते मी मोठ्यानं सांगितलं. सेक्रेटरी बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात जरा सहानुभूती होती. आईंना मात्र काहीच वाटलं नाही. त्यांची जन्मतारीख १ जून, म्हणजे हेडमास्तरांनी शाळेत घालताना बसवून दिलेली. "माझं साल मास्तरांचं आहे, खुशाल ओरड," म्हणाल्या.

माझ्या मतदार कार्डाची प्रत काढताना त्याने झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मूळ फोटोतच मी अर्धी अंधारात आहे. झेरॉक्समध्ये पूर्ण अंधार झाला, फक्त कुंकू आणि एक कान तेवढा उजेडात. अण्णांनी कागद उजेडाला धरून पाहिला आणि "ओळखू येतेस," असा निर्वाळा दिला. मग त्या झेरॉक्सच्याच आणखी झेरॉक्सी काढल्या, कारण मूळ कार्ड सारखं काचेवर ठेवलं तर झिजतं, असं त्यांचं शास्त्र आहे. तिसऱ्या पिढीपर्यंत कानही गेला.

आता प्रती ठेवायच्या कुठे? सगळ्या एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत, हे तत्त्व चांगलंच आहे; मी त्याला कधी हसले नाही. मूळ कागद एकीकडे, प्रती दुसरीकडे, एक संच घरी ठेवलेला बरा. पण तत्त्व अण्णांच्या हाती लागलं की त्याचं खातं होतं. एक संच त्यांच्या बंडीच्या चोरखिशात. एक आईंच्या पानसुपारीच्या बटव्यात. एक नवऱ्याच्या बॅगेच्या अस्तराखाली. एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिवड्याच्या डब्यात तळाशी, कारण चोर चिवड्याला हात लावत नाही. (हे चोर अण्णांनी कुठे पाहिले कोण जाणे. आमच्याकडे घरातलीच माणसं तो डबा रात्री उघडतात.) आणि एक संच बंद पाकिटात शेजारच्या काकूंकडे, वर लाल पेनाने 'महत्त्वाचे'. फायलीच्या पहिल्या पानावर काठमांडूतली भारतीय वकिलात लैनचौरला आहे हे ठळक अक्षरांत, आणि खाली : पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार, मग वकिलात, मग परत येण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र. हे पान त्यांनी आम्हाला निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. घास घशात अडकला.

नवरा या सगळ्यावर हसत होता, कारण तो डिजिलॉकरवाला. "अण्णा, हे २०१५पासून आहे. सगळं फोनमध्ये. कागदाची गरजच नाही." अण्णांनी शांतपणे विचारलं, "आणि फोनची झेरॉक्स?"

त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. रेल्वे डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन्स २०१८पासून मानते. पण त्यात मेख अशी, की सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद चालतो, आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला नाही. नवऱ्याने मोठ्या हौसेने सगळं स्कॅन करून चढवलं होतं. हे ऐकल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं समाधान पसरलं. "म्हणजे तिथंही स्वयंसाक्षांकन चालत नाही तर!"

मग अण्णांचं आधार रीतसर मागवायचं ठरलं. त्यांच्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे तो माझ्या दिराचा, दीर बंगळूरला. ओटीपी त्याला जाणार, दहा मिनिटं टिकणार, आणि तो मीटिंगमध्ये. अण्णा त्याला एकामागून एक फोन लावत होते. शेवटी त्याने घाबरून उचलला, "अण्णा, काय झालं? आई बरी आहे ना?" "आई बरी आहे. तुला आकडे आलेत का ते सांग." तिकडे मीटिंगमधल्या कुणीतरी हसल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. आकडे आले तोवर दहा मिनिटं उलटली होती.

नवऱ्याने मग खबरदारी म्हणून सगळ्यांची कार्डं कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर चुलत, मावस, आते आणि दोन-तीन जण असे आहेत की ते कोणाकडचे हे आम्हाला अजून कळलेलं नाही. माझ्या मतदार कार्डाखाली पुण्याच्या मामींनी 'खूप गोड' असं लिहिलं. आईंच्या कार्डाखाली कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

गाडीत बसलो. भुसावळ गेलं, इटारसी गेली, अण्णा फाईल मांडीवर घेऊन ताठ. शेवटी टीसी आले, हातातल्या यंत्रावर बोट फिरवलं, "पाच जण? ठीक," म्हणाले आणि पुढे निघाले.

"साहेब, ओळखपत्रं?" अण्णा.

"असू द्या काका."

"नाही, बघून घ्या. एक तरी बघा."

टीसींनी बिचाऱ्यांनी एक पाहिलं. ते नेमकं तिसऱ्या पिढीतलं माझं निघालं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "मूळ प्रत सोबत ठेवत जा," असं अण्णांनाच सुनावलं आणि पुढच्या डब्यात गेले. अण्णा रात्रभर खूश होते. अखेर रेल्वेत एक तरी कर्तव्यदक्ष माणूस भेटला.

गोरखपूरचा फलाट १३६६ मीटर लांब. २०२३मध्ये हुबळीने मान हिरावून घेईपर्यंत तो जगातला सगळ्यात लांब होता, ही माहिती मुलाने आम्हाला तो चालत असतानाच दिली. लॉजवर पोचेपर्यंत सगळ्यांचे पाय गेले होते, आणि तिथे काउंटरवाल्याने पाचही जणांच्या आधारच्या झेरॉक्सी मागितल्या. नवऱ्याने फोनवरून मास्क्ड आधारची छापील प्रत काढवून दिली, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

"इसमें तो नंबर ही नहीं है, भाईसाहब."

"वही तो बात है."

"लेकिन नंबर?"

हा संवाद बराच चालला. मग अण्णांनी फाईल उघडून त्याच्यासमोर वर्तमानपत्राची दोन कात्रणं ठेवली. २०२२च्या मे महिन्यात आधारच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांनी ते मागे घेतलं गेलं. अण्णांनी दोन्ही कात्रणं जपली आहेत, कारण कागद मागे घेतला तरी तो निघाला होताच ना. त्या माणसाला मराठी कात्रणांतलं काय कळलं माहीत नाही, पण त्याने हात जोडले, पूर्ण नंबरवाल्या प्रती घेतल्या आणि काउंटरखालच्या खोक्यात टाकल्या. त्या खोक्यावर 'केला चिप्स' असं छापलेलं होतं.

सुनौलीला एक जवान बसमध्ये चढला, सगळ्यांकडे एक नजर टाकली, माझं कार्ड तेवढं हातात घेऊन "ये आप हैं?" विचारलं. मागच्या सीटवरच्या जळगावच्या काकांनी "हाँ हाँ, यही हैं" अशी ग्वाही दिली. त्यांची नि माझी ओळख गोरखपूरच्या स्टँडवरची, चहापुरती. एवढ्याने आम्ही परदेशात गेलो.

पोखऱ्याला फेवा तालात नावेत बसलो. मागे मच्छापुच्छ्रेचं शिखर दिसत होतं आणि ते पाठीशी घेऊन सेल्फी काढायला नवरा उभा राहिला. नाव हलली. फोन गेला, आणि तो धरायला वाकताना कमरेचा पाऊच पाण्यात चांगला बुचकळून निघाला. पाऊचमध्ये पासपोर्ट. नावाडी भला माणूस, त्याने वल्हं टाकून पाण्यात पाहिलं. तळ दिसत नव्हता.

"आता तुझे ओटीपी माशांना," मुलगा म्हणाला.

हॉटेलच्या काउंटरवर आधीच सांगितलेलं होतं की संध्याकाळपर्यंत पासपोर्टची कॉपी जमा करा. पासपोर्ट खोलीत हेअर ड्रायरखाली, पानं फुगून बसलेली. असला ओला पासपोर्ट मशीनच्या काचेवर ठेवायला मीच दिला नाही. डिजिलॉकर तळ्याच्या तळाशी, आणि दुसऱ्या फोनवरून उघडावं तर ओटीपी बुडालेल्या सिमवर. मी माझ्या फोनवरून हॉटेलच्या वायफायने शेजारच्या काकूंना फोन लावला. पाकीट उघडा, फोटो काढून पाठवा, एवढंच.

"अगं, तुमचं पाकीट मी अगदी नीट ठेवलंय," काकू म्हणाल्या. थोडा वेळ कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. "इतकं नीट ठेवलंय ना, की आता सापडत नाहीये."

बॅगेच्या अस्तराखालचा संच नवऱ्यानेच गोरखपूरला काढून त्यात मोजे भरले होते. बंडी धोब्याकडे. अण्णा एक शब्द न बोलता उठले, चिवड्याचा डबा उघडला आणि तळाशी हात घातला. प्लास्टिकची पिशवी कुणीतरी रात्री चिवडा घेताना फाडली होती. पासपोर्टची झेरॉक्स वर आली ती तेलाने अशी भिजलेली, की पुढचं पान आणि मागचं पान एकदमच दिसत होतं. नवऱ्याच्या फोटोवर एक कढीपत्त्याचं पान चिकटलं होतं, बरोबर मिशीच्या जागी.

काउंटरवरच्या मुलाने कागद दोन बोटांत धरला, वास घेतला, दिव्यासमोर धरला. नवऱ्याचं नाव, नंबर, आणि मागच्या बाजूचं आईंचं नाव, अण्णांचं नाव, सगळं एकमेकांवर चढून वाचता येत होतं.

"चलेगा," तो म्हणाला. "लेकिन दो कॉपी लगती है. एक हमारे लिए, एक पुलिस के लिए."

अण्णांनी आईंकडे पाहिलं. आईंनी कमरेचा बटवा काढला, अडकित्ता बाजूला केला, आणि सुपारीच्या पुडीखालून घडी घातलेला कागद बाहेर काढला. त्याला लवंगेचा वास होता आणि वर गोल शिक्का. सत्यप्रत. तो शिक्का निवृत्तीनंतर अण्णांकडे कसा काय राहिला, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि जिल्हा परिषदेतल्या कोणी वाचत असेल तर त्यांनीही विचारू नये.