दोन हजार माणसांना विचारून काय कळणार? जनमत चाचण्यांवरील एका आरोपपत्राचा प्रतिवाद

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: जनमत चाचण्या हे शुद्ध थोतांड आहे. कारणे साधारणपणे अशी दिलेली असतात. मला किंवा माझ्या ओळखीतल्या कोणालाही आजवर कोणी विचारलेले नाही. कोट्यवधी मतदारांतून दोन-पाच हजार माणसे निवडून सगळ्यांचे मन कळत नाही; मतदार म्हणजे काही शितावरून परीक्षा करायचा भात नव्हे. गोळा केलेले आकडे नंतर ‘भारांक’ लावून बदलले जातात. चाचण्या वारंवार तोंडघशी पडल्या आहेत. त्यामुळे लाखो लोक ज्यात आपणहून भाग घेतात ते समाजमाध्यमांवरील कौल अधिक खरे मानावेत. आणि सगळ्यात शेवटी, चाचणीचा आकडा पैसे देणाऱ्याच्या सोयीने ठरतो, असा ठपका असतो.

जनमत चाचण्यांवर टीका व्हायलाच हवी, किंबहुना सध्या होते त्याहून कठोर व्हायला हवी. परंतु हा मजकूर दोष नाही तिथे बोट ठेवतो आणि दोष आहे तिथून नजर न टाकता पुढे जातो, हा माझा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

‘मला कोणी विचारले नाही’ हा पहिला मुद्दा साध्या भागाकाराने निकालात निघतो. भारतात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदार होते. वीस हजार जणांची चाचणी घेतली, आणि हा आकडा बऱ्याच चाचण्यांहून मोठा आहे, तर एखाद्या मतदाराची पाळी येण्याची शक्यता ४८,५०० मध्ये एक इतकी असते. वर्षभरात अशा शंभर चाचण्या झाल्या तरी ४८५ जणांमागे एकालाच विचारणा होईल. चाचणीत भाग घेतलेली माणसे पावलोपावली भेटू लागली असती, तर मात्र संशयाला जागा होती.

दुसरा मुद्दा, म्हणजे नमुन्याचा आकार, हा या मजकुराचा कणा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. कोणाच्याही मर्जीवर न सोडता, निव्वळ चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली, तर १,००० जणांच्या नमुन्यात एखाद्या पक्षाच्या पाठिंब्याचा अंदाज शंभरपैकी ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या साधारण ३ टक्के अलीकडे-पलीकडे पडतो. नमुना २,५०० चा केला की हे अंतर सुमारे २ टक्क्यांवर येते आणि १०,००० चा केला की १ टक्क्यावर. म्हणजे चौपट माणसे विचारावीत तेव्हा चूक निम्मी होते. या हिशेबात एकूण मतदार किती हा आकडा जवळपास येतच नाही. दहा लाखांचे शहर असो की ९७ कोटींचा देश, १,००० जणांच्या नमुन्याची अचूकता व्यवहारात सारखीच राहते. हे मनाला पटायला जड जाते खरे, पण मनाला न पटणे हे गणित चुकल्याचे लक्षण मानता येत नाही.

मजकुरात भाताची म्हण आली आहे ती अस्थानी नाही, फक्त तिची अट विसरलेली आहे. शितावरून परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. मतदार तसे नसतात. त्यांची मते जात, वय, शिक्षण, वस्ती यांनुसार गुठळ्या-गुठळ्यांनी साचलेली असतात, आणि कोणत्या गुठळीपर्यंत हात पोहोचला यावर उत्तर ठरते. तेव्हा विचारायला हवा तो प्रश्न ‘किती माणसे?’ हा नसून ‘कोणती माणसे, आणि ती कोणी व कशी निवडली?’ हा आहे.

याचा सर्वांत गाजलेला दाखला १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यांपैकी तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. एवढा नमुना आजही कोणी स्वप्नात आणत नाही. त्यावरून साप्ताहिकाने जाहीर केले की आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला ४८ पैकी दोन राज्ये आली. पत्ते मिळवले होते ते वर्गणीदारांच्या, टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात या याद्यांत कोण होते आणि कोण नव्हते हे वेगळे सांगायला नको. शिवाय पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टविरोधकांचा भरणा अधिक होता. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५०,००० जणांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे सांगितले. तेवीस लाख हरले आणि पन्नास हजार जिंकले, इतके या मुद्द्याला खरे तर पुरेसे आहे.

मात्र गॅलप यांची पद्धतही निर्दोष नव्हती, आणि १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते उघड झाले. त्या वेळी प्रश्नकर्त्याला इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके तरुण असा कोटा दिला जाई आणि तो भरण्यासाठी माणसे निवडण्याची मोकळीक त्याच्याकडेच असे. साहजिकच तो सहज भेटणाऱ्या, बोलक्या, बऱ्या वस्तीतल्या माणसांकडे वळे. त्यातच मतदानाच्या बरेच आधी विचारणा थांबवली गेली. थॉमस ड्यूई जिंकणार असे भाकीत झाले आणि हॅरी ट्रुमन जिंकले. यातून घेतलेला धडा भारतात दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेतील ‘लोकनीती’च्या निवडणूक अभ्यासांत पाहायला मिळतो. तिथे मतदारसंघ आणि मतदान केंद्रे ठरल्यावर थेट मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे उचलली जातात आणि कार्यकर्त्याला त्याच व्यक्तीला गाठावे लागते; ती घरी नाही म्हणून शेजारचा चालत नाही. मत कोणाला, हा प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी नमुना मतपत्रिका हातात देऊन, खूण करून पेटीत टाकायला सांगण्याची पद्धतही तिथे वापरली गेली आहे. घरची मंडळी भोवती उभी असताना माणूस तोंडाने जे बोलणार नाही, ते तो कागदावर नोंदवू शकतो. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक असते, आणि नमुन्याचे हजार-दोन हजार वाढवण्यापेक्षा या खर्चाचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

चुकीच्या मर्यादेबद्दल मजकुराने जे विचारायला हवे होते ते विचारलेले नाही. ‘अधिक-उणे ३ टक्के’ ही मर्यादा एका पक्षाच्या आकड्याची असते. दोन पक्षांमधील आघाडीची मर्यादा तिच्या दुपटीच्या जवळ जाते. तरीही २ टक्क्यांची आघाडी दिसली की पडद्यावर विजयाची घोषणा होते. दुसरे असे की ही मर्यादा केवळ योगायोगाची चूक मोजते; उत्तर न देणारे, न सापडणारे, मतदानाला न जाणारे यांच्यामुळे येणारी चूक तिच्यात नसते. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक चाचण्या निकालांशी ताडून पाहणाऱ्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष चूक जाहीर मर्यादेवरून अपेक्षित असलेल्या चुकीच्या सुमारे दुप्पट आढळली. चाचणी वाचणाऱ्याने जाहीर मर्यादा मनातल्या मनात दुप्पट करून घ्यावी, असे मी म्हणेन.

तिसरा आरोप भारांकाचा. मतदारांत स्त्रिया निम्म्या असताना नमुन्यात त्या ४० टक्केच आल्या, तर प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला थोडे अधिक आणि पुरुषाच्या उत्तराला थोडे कमी वजन देतात. यात लपवाछपवी काही नाही. उलट असे न केल्यानेच घात झाल्याची उदाहरणे आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यस्तरीय चाचण्यांत उच्चशिक्षित मतदार प्रमाणाबाहेर अधिक आले होते, शिक्षणानुसार भारांक लावलेला नव्हता, आणि विस्कॉन्सिन, मिशिगनसारख्या राज्यांत डोनाल्ड ट्रम्प यांचा पाठिंबा कमी मोजला गेला.

तरीही या आरोपात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो मान्य करायला हवा. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फ्लोरिडातील ८६७ मतदारांची मूळ उत्तरे चार वेगवेगळ्या तज्ज्ञ चमूंच्या हाती दिली. प्रश्न तेच, माणसे तीच, उत्तरे तीच. एका चमूने हिलरी क्लिंटन यांना ४ टक्क्यांची आघाडी दिली, दुसऱ्याने ३ ची, तिसऱ्याने १ ची, आणि चौथ्याने ट्रम्प यांना १ टक्क्याने पुढे दाखवले. यात कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्यक्ष मतदानाला कोण जाईल आणि कोणत्या गटाला किती वजन द्यावे याबद्दलचे त्यांचे विचारपूर्वक घेतलेले निर्णय निराळे होते. म्हणजे एकाच माहितीतून पाच टक्क्यांचा फरक निघू शकतो. यावर उपाय भारांक सोडून देणे हा नाही. तो कसा लावला हे सांगायला लावणे, हा आहे.

आता ‘चाचण्या नेहमी चुकतात’ या चौथ्या मुद्द्याकडे वळू. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. चाचणी मतांची टक्केवारी मोजते. जागा ती मोजत नाही. जागांचा आकडा हा त्या टक्केवारीवर रचलेला दुसरा अंदाज असतो आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी या पद्धतीत हा दुसरा मजला फार डळमळीत असतो. भारतीय जनता पक्षाला २०१९ मध्ये ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या; २०२४ मध्ये ३६.६ टक्के मते आणि २४० जागा. मते एक टक्काही घटली नाहीत, जागा ६३ ने घटल्या. उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाने २००७ मध्ये सुमारे ३० टक्के मतांवर ४०३ पैकी २०६ जागा जिंकून एकट्याने सत्ता मिळवली; २०१२ मध्ये त्याची मते २६ टक्क्यांच्या आसपास आली आणि जागा ८० उरल्या. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी जागा ३० विरुद्ध १७ अशा विभागल्या गेल्या. मतांचा अंदाज एक-दोन टक्क्यांनी हुकला तर ते संख्याशास्त्राच्या दृष्टीने चांगले काम असते. पण त्यावरून काढलेला जागांचा आकडा हास्यास्पद ठरू शकतो, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो तेवढाच. जागांचे आकडे ठळक छापून मतांची टक्केवारी कोपऱ्यात ढकलणाऱ्या किंवा मुळीच न देणाऱ्या माध्यमांनी ही गल्लत जोपासली आहे.

यावरून सगळ्या फजित्या माफ होतात असे मात्र समजू नये. २००४ मध्ये भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडी (रालोआ) सत्ता राखेल असा सार्वत्रिक सूर होता आणि ती गेली. २०२४ मध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी (एक्झिट पोल) तिला ३५० च्या पुढे नेऊन ठेवले आणि प्रत्यक्षात २९३ जागा मिळाल्या. सगळ्या चाचण्या एकाच दिशेला चुकल्या, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. दुसरीकडे, १९४२ ते २०१७ या काळातील ४५ देशांतल्या ३५१ निवडणुका आणि तीस हजारांहून अधिक चाचण्या तपासणाऱ्या अभ्यासाला, चाचण्यांची चूक काळानुसार वाढत गेल्याचे आढळले नाही. चुकलेल्या चाचणीची बातमी होते, बरोबर आलेलीची होत नाही, हे इथे लक्षात ठेवलेले बरे.

समाजमाध्यमांवरील कौलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो १९३६ चाच प्रयोग आहे, टपालखर्चाशिवाय. ज्याचा अनुयायीवर्ग मोठा, त्याच्या पानावर त्याला हवे ते उत्तर येते. एकच माणूस अनेक खात्यांवरून मत देऊ शकतो. आणि ज्याला राजकारणात फारसा रस नाही पण जो मतदानाच्या दिवशी हमखास रांगेत उभा राहतो, असा मतदार तिथे फिरकतही नाही.

उरतो पैशाचा ठपका. बनावट किंवा फर्मायशी चाचण्या असू शकतात, आणि एखाद्या पक्षाने स्वतःची ‘अंतर्गत चाचणी’ फोडली की ती जाहिरात समजावी, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु सगळ्या चाचण्या एकत्र चुकतात तेव्हा पैशापेक्षा भीती हे कारण मला अधिक संभवनीय वाटते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीत सर्व चाचण्या अटीतटीची लढत दाखवत होत्या. सर्व्हेशन या कंपनीच्या हाती मतदानाच्या आदल्या दिवशी एक चाचणी आली: हुजूर पक्ष ३७, मजूर पक्ष ३१. इतरांच्या आकड्यांशी ती इतकी विसंगत होती की कंपनीने ती प्रसिद्धच केली नाही. निकाल जवळपास तोच लागला. कोणी पैसे दिले नव्हते. कळपापासून एकटे पडण्याची धास्ती पुरेशी होती.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार, मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास उलटेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करता येत नाहीत. हे बंधन वेळेचे आहे. चाचणी कोणी करवून घेतली, नमुना केवढा, तो कसा निवडला, चुकीची शक्यता किती, हे वाचकांना सांगावे, असे भारतीय प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात; पण त्या न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. सगळ्या चाचण्या खोट्या आहेत असे सांगत फिरणाऱ्या मजकुरात या सूचनांचा उल्लेख मला एकदाही आढळला नाही, आणि हा तपशील न देताच आकडे दाखवणाऱ्या माध्यमांना जाब विचारणारी एक ओळही नाही.